अडवायचं नाही, वाट द्यायची

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. नाशिक जिल्ह्यातल्या एका मातीच्या धरणावर माझी पावसाळ्याची ड्यूटी होती. धरण काठोकाठ भरलेलं. चार दिवसांनी उघडीप पडली म्हणून धरणाच्या मागच्या बाजूने पायथ्याशी उतरलो, तर तिथल्या दगडी चरातून पाणी खळाळत बाहेर येत होतं. माझ्या पोटात गोळा आला. धावत चौकीपर्यंत गेलो आणि म्हणालो, "मामा, धरण गळतंय!"

चौकीदार मामा निवांत उठले. खोलीतून काचेची एक बाटली घेतली, माझ्याबरोबर खाली आले, चरातल्या पाण्याने ती भरली आणि उजेडासमोर धरली. "बघा साहेब, निवळशंख आहे ना? मग काळजी नाही. पाणी येणारच. यायचं एकदम बंद झालं तर साहेबांना फोन लावायचा, आणि गढूळ आलं तर गावाला उठवायचं."

चार वर्षांच्या शिक्षणात मी हे सगळं वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण समजलं ते त्या बाटलीमुळे. पुढच्या सगळ्या नोकरीत धरणं, पूल, बोगदे जवळून बघताना तोच अर्थ पुन्हा पुन्हा समोर येत गेला. पाणी, वजन, ऊन, वारा यांपैकी काहीही कायमचं अडवून ठेवता येत नाही. ते कुठून तरी जाणारच असतं. त्याने कुठून जायचं हे बांधकामाच्या आधी, कागदावर ठरवणं, हाच या विद्येचा गाभा. वाट आपण काढून दिली नाही, तर ते स्वतः शोधतं. तशी शोधलेली वाट बहुतेक वेळा बांधकामाच्या पोटातून जाते.

मातीची टेकडी

धरण म्हणजे पाण्यापुढे उभी केलेली भिंत, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. गंगापूर धरणावर जाणाऱ्या नाशिककराला मात्र तिथे भिंत दिसत नाही, दिसतो तो लांबच लांब बांध. गोदावरीवरचं हे धरण 1965 साली पूर्ण झालं. लांबी सुमारे 3.9 किलोमीटर, उंची 36 मीटरहून थोडी जास्त, आणि मुख्य सामान माती. एवढ्या उंचीच्या मातीच्या धरणाला दोन्ही बाजूंनी नेहमीचे उतार दिले, तर तळाची रुंदी दोनशे मीटरच्या घरात जाते. म्हणजे माणसांनी थर रचून उभी केलेली एक टेकडीच.

एवढी रुंदी का लागते? पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, पसाऱ्यावर नाही. 30 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला 30 टन दाब असतो, मग मागचं पाणी एक किलोमीटर पसरलेलं असो की दहा. हा दाब सतत दोन गोष्टी करू बघतो. एक म्हणजे धरण पुढे ढकलणं, त्याला मातीचं वजन पुरून उरतं. दुसरं म्हणजे मातीच्या कणांमधल्या फटींतून आत शिरणं. अवघड काम या दुसऱ्याचं आहे.

धरण मधोमध कापून पाहिलं तर आत दोन वेगळ्या माती दिसतील. पोटात काळी चिकणमाती, तिला साइटवर 'हार्टिंग' म्हणतात. तिचे कण इतके बारीक की पाणी त्यातून मुंगीच्या पावलांनीच सरकतं. तिच्या दोन्ही बाजूंना मुरूम, ते 'केसिंग'. हार्टिंगने पाणी रोखायचं, केसिंगने हार्टिंगला उभं ठेवायचं. खाली पाया खणताना खडक लागेपर्यंत चर घेतात आणि तोही हार्टिंगच्या मातीने भरतात, नाहीतर धरण जागच्या जागी उभं आणि पाणी खालून पसार, अशी गत व्हायची.

ही माती नुसती ओतून चालत नाही. पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. खरी मेख पाणी किती शिंपडायचं यात आहे. माती कोरडी असेल तर कण एकमेकांना घासून अडून राहतात, दाबले जात नाहीत. जास्त ओली असेल तर फटींमधली जागा पाण्यानेच बळकावलेली असते, आणि रोलरखाली सगळा थर रबरासारखा नुसता हलतो. या दोहोंच्या मधे प्रत्येक मातीचा स्वतःचा एक नेमका ओलावा असतो, त्याला ती सगळ्यात घट्ट बसते. तो ओलावा प्रयोगाने कसा शोधायचा, हे अमेरिकेतल्या राल्फ प्रॉक्टर यांनी 1933 साली मांडलं, आणि आजही जगभर मातीची ही चाचणी त्यांच्याच नावाने होते.

आमच्या साइटवरचे मुकादम हीच चाचणी मुठीत करायचे. मूठभर माती घेऊन दाबायची. लाडू वळला पाहिजे, तळहाताला पाणी लागता कामा नये, आणि छातीच्या उंचीवरून टाकला तर दोन-चार तुकडे व्हायला हवेत. भुगा झाला तर कोरडी, चपटा होऊन बसला तर ओली. प्रयोगशाळेचा आकडा यायला वेळ लागायचा, तोवर मुकादम पाण्याचा टँकर वाढवायचा की थांबवायचा हे सांगून मोकळे झालेले असायचे. दोघांचं उत्तर बहुधा जुळायचं.

आता त्या बाटलीकडे येऊ. हार्टिंग कितीही घट्ट दाबलं तरी थोडं पाणी झिरपतंच. ते हार्टिंगच्या मागच्या अंगाला पोहोचतं तेव्हा त्याच्याबरोबर मातीचे कण निघाले, तर आत बारीक पोकळी तयार होते. पोकळीतून पाणी जास्त वेगाने येतं, जास्त कण आणतं, पोकळी वाढत जाते. आतल्या आत एक नळच तयार होत जातो आणि एके दिवशी तो पुढच्या पाण्याला जाऊन भिडतो. बाहेरून पाहणाऱ्याला शेवटच्या तासापर्यंत काही दिसतही नाही.

म्हणून हार्टिंगच्या मागे वाळूचा एक पडदा घालतात, त्याला फिल्टर म्हणतात. या वाळूचे कण निवडण्यात मोठी कसरत आहे. घरातल्या चहाच्या गाळणीचंच उदाहरण घ्या. जाळी फार मोठी असेल तर चोथा कपात येतो, फार बारीक असेल तर चहा गाळणीतच तुंबतो. तसंच इथे वाळू इतकी जाड हवी की पाणी अडून राहू नये, आणि इतकी बारीक हवी की मातीचा कण निसटू नये. मृदायांत्रिकीचा, म्हणजे बांधकामासाठीच्या मातीच्या शास्त्राचा पाया घालणारे कार्ल टेर्झागी यांनी या दोन्ही अटी आकड्यांत बांधून दिल्या. माझ्या मते धरणाच्या सगळ्या इतिहासात यापेक्षा मोलाचा शोध कमी सापडतील, कारण पाणी थांबवायचा हट्ट सोडून देऊन त्याला कण न नेता बाहेर पडायची वाट या शोधाने मिळाली. फिल्टरमधून आलेलं पाणी पायथ्याच्या दगडी चरात जमतं. मी पाहिलं ते हेच.

त्या चराच्या शेवटी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच पाडलेली पट्टी असते. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतंय हे पाहून किती झिरपतंय ते कळतं. नवख्या माणसाची इथे हमखास चूक होते. काटकोनी खाचेत पाणी पाच सेंटिमीटरवरून दहावर चढलं म्हणजे झिरपा दुप्पट झाला, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो साडेपाच पटींहून जास्त वाढलेला असतो. सेकंदाला पाऊण लिटरच्या जागी सव्वाचार लिटरहून अधिक. म्हणून रोजच्या नोंदवहीतल्या एकेका सेंटिमीटरला किंमत.

वाट चुकली की काय होतं, हे महाराष्ट्राने 12 जुलै 1961 रोजी पाहिलं. पानशेतच्या मातीच्या धरणाचं काम अजून पूर्ण व्हायचं होतं आणि जलाशय मात्र पावसाने भरत चालला होता. धरणाच्या पोटातून पाणी सोडायच्या मार्गाचं काम अर्धवट राहिलेलं होतं. त्याच भागातला भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण माथा पाण्याच्या पातळीखाली जात राहिला, आणि एकदा पाणी मातीच्या धरणावरून वाहू लागलं की ते थांबत नाही. तो लोंढा खालच्या खडकवासल्यावर आदळला, तेही फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला.

दिंडोरी रस्त्याने रोज जाणाऱ्या कितीतरी नाशिककरांना कल्पना नसते की राज्याच्या धरणांचं बरंचसं डोकं याच रस्त्यावर बसतं. 1959 साली सुरू झालेली मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था इथेच. धरणांची संकल्पचित्रं करणारी संघटना इथेच, आणि बांधून झालेल्या धरणांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारी धरण सुरक्षितता संघटनाही इथेच. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या धरणाच्या उताराचा हिशोब पंचवटीपासून हाकेच्या अंतरावर झालेला असू शकतो. आपल्या गावाने याचा अभिमान बाळगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मारुतीच्या छातीपर्यंत

नाशिकमध्ये पूर मोजायची पट्टी म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. जलसंपदा खातं विसर्ग क्युसेकमध्ये सांगतं, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. गाव मात्र "पाणी मारुतीच्या कमरेला लागलं", "छातीपर्यंत आलं" एवढंच विचारतं. 1969, 2008, 2016, 2019 हे पूर लोकांच्या लक्षात आहेत ते याच मापाने.

मातीच्या धरणावरून पाणी जाता कामा नये, म्हणून मोठ्या पुराला वेगळी वाट द्यावी लागते. तो सांडवा. सांडवा केवढा ठेवायचा हा धरणाच्या आखणीतला सगळ्यात जबाबदारीचा प्रश्न, आणि इथे एका शब्दप्रयोगाने फार गोंधळ घातला आहे: 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर'. लोकांना वाटतं, 2008 मध्ये येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. त्याचा अर्थ तसा नाही. असा पूर दर वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक, एवढंच. फासा प्रत्येक पावसाळ्यात नव्याने टाकला जातो आणि मागचं दान त्याला आठवत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता निघते सुमारे 26 टक्के. नदीकाठच्या नकाशावर निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. लाल रेषेला चिकटून फ्लॅट घेणाऱ्याने हा आकडा जरूर समोर ठेवावा.

मोठ्या धरणाच्या सांडव्याला शंभर वर्षांचा पूरही पुरत नाही. त्या खोऱ्यावर निसर्गनियमांनुसार जास्तीत जास्त किती पाऊस कोसळू शकतो, याचा अंदाज घेऊन त्यातून येणारा पूर धरतात. धरणाच्या खाली हजारो लोक झोपलेले असतात, तेव्हा 'शक्यता कमी आहे' हे उत्तर चालत नाही.

वाट दिली तरी काम संपत नाही. 30 मीटर उंचीवरून पडणारं पाणी तळाशी पोहोचतं तेव्हा त्याचा वेग ताशी 85 किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. हे पाणी तसंच नदीत सोडलं तर पायाचा खडक पोखरून काढेल. म्हणून त्याची मस्ती आधी जिरवावी लागते. सांडव्याच्या पायथ्याशी बादलीसारखा वळणदार भाग ठेवून पाणी पुन्हा हवेत उसळवतात, म्हणजे ते फुटून, फेसाळून, धरणापासून लांब पडतं. किंवा खाली खोल कुंड करून पाण्याला पाण्यावरच आपटू देतात. पूर सोडला की लोक जो फेस बघायला गर्दी करतात, तो फेस म्हणजे पाण्याची खर्च झालेली ताकद.

याचा अंदाज कागदावरच्या गणिताने पूर्ण येत नाही. मग छोटी प्रतिकृती बांधून तिच्यातून पाणी सोडतात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल संशोधन केंद्र आहे, त्याची सुरुवात 1916 सालची. तिथे एकेका नदीची अख्खी वळणं अंगणात उभी केलेली असतात. प्रतिकृती 49 पटींनी लहान असेल तर तिच्यातलं पाणी सात पटींनी हळू धावतं आणि पूर सात पट लवकर उरकतो. सात तासांचा महापूर एका तासात.

दोरीला लोंबकळणारे दोघं

पाणी दिसतं तरी. वजन दिसत नाही, आणि तेही पाण्यासारखंच वाहत असतं. स्लॅबवरून बीममध्ये, बीममधून कॉलममध्ये, कॉलममधून फूटिंगमध्ये, तिथून जमिनीत. या वाटेवरचा एकही सांधा कच्चा असून चालत नाही.

घरी करून बघा. छताच्या कडीला एक लांब दोरी बांधा. दोन माणसं त्याच दोरीला एकाखाली एक लोंबकळली, तर दोरीवर दोघांचं वजन येतं, पण प्रत्येकाच्या मुठीवर फक्त त्याचं स्वतःचं. आता खालच्या माणसाला वेगळी दोरी द्या आणि ती वरच्या माणसाच्या कमरेला बांधा. दिसायला चित्र तेच. पण आता वरच्याच्या मुठीवर दोघांचं वजन. हा फरक कागदावर एका रेघेचा आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात एका हॉटेलच्या दालनात छताला टांगलेले पादचारी पूल होते. मूळ नकाशात एकच सळई वरच्या पुलातून आरपार जाऊन खालच्या पुलाला धरत होती. लांब सळईवर आटे पाडणं अवघड म्हणून तिच्या दोन सळया केल्या, आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला गेला. मूळ सांधाही नियमापेक्षा कमजोरच होता, बदलाने त्यावरचा भार दुप्पट झाला. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी ते पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. कारखान्यातून किंवा साइटवरून "साहेब, एवढा छोटा बदल चालेल ना?" असा फोन आला की माझ्या डोळ्यांसमोर आजही ती दोरी येते.

बांधकाम मोठं करत गेलं की एक वेगळीच अडचण उभी राहते, आणि ती समजली की भव्य बांधकामं इतकी महाग का हे कळतं. एखादा खांब लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी दुप्पट करा. त्याचं वजन आठपट होतं, पण ते पेलणाऱ्या छेदाचं क्षेत्रफळ चारपटच वाढतं. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ओझं दुप्पट. गॅलिलिओने 1638 साली हे हाडांच्या उदाहरणाने दाखवलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, मुंगीच्या पायांच्या प्रमाणात हत्तीचे पाय ठेवले तर हत्ती उभाच राहणार नाही. खूप लांबीच्या पुलाची बरीचशी ताकद स्वतःलाच उचलण्यात खर्च होते, गाड्या हा वरचा किरकोळ हिशोब. म्हणून मोठ्या पुलात आकारच बदलतात. कमान घेतात, तार घेतात, आतून पोकळ करतात.

साहित्याची खात्री मात्र अगदी साधी आहे. दर ओतकामातून 15 सेंटिमीटरचे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरतात, साइटवर त्यांना क्यूब म्हणतात. ते 28 दिवस पाण्यात ठेवून यंत्रात चिरडतात. एम-25 प्रतीच्या काँक्रीटचा आठेक किलोचा क्यूब साधारण 57 टनांपर्यंत टिकला पाहिजे. शिवाय हिशोब करताना भार दीडपट धरायचा आणि काँक्रीटची ताकद दीडने भागून घ्यायची, असा आपल्याकडचा दंडक.

भाराचा विचार गावागणिक बदलतो, आणि नाशिककरांना तो नीट कळेल. पुलाच्या पदपथावर एरवी चौरस मीटरला 400 किलो गर्दीचा भार धरतात. पण देशाच्या पूल-नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे की तीर्थक्षेत्र असेल किंवा मोठे मेळे भरत असतील, तर 500 किलो धरा. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये खेटून उभी सात माणसं. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे निघालेला लोंढा ज्याने आतून अनुभवला आहे, त्याला हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत माणसं गेली. गर्दीलाही पाण्यासारखीच रुंद, उताराची, पुढे न तुंबणारी वाट लागते. येत्या सिंहस्थाची जी कामं चालली आहेत, त्यांत मला सगळ्यात महत्त्वाचं काम हेच वाटतं.

पूल मे महिन्यात लांब होतो

मुंबई-आग्रा महामार्गाचा शहरातून जाणारा उड्डाणपूल सुमारे सहा किलोमीटरचा. त्यावरून गाडी नेताना ठराविक अंतरावर चाकाखाली 'धडक-धडक' होतं, ते जाणीवपूर्वक ठेवलेले सांधे आहेत. काँक्रीट तापलं की वाढतं. एक मीटरला एक अंश तापमानामागे मीटरच्या दहा लाख भागांपैकी दहा-बारा भाग, म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण जानेवारीतली नाशिकची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पुलाच्या काँक्रीटला तीस अंशांचा फरक पडला, तर दोन खांबांमधला 40 मीटरचा एक गाळा चौदा मिलिमीटरने वाढतो. सहा किलोमीटरची बेरीज केली तर दोन मीटर!

हे दोन मीटर दोन्ही टोकांनी आवळून धरायचा प्रयत्न केला तर पूल स्वतःलाच चिरडेल. म्हणून गाळ्यांमधे फट ठेवतात, आणि गाळा खांबावर थेट न बसवता रबर आणि पोलादी पत्र्यांच्या थरांच्या उशीवर बसवतात. तिला बेअरिंग म्हणतात. पूल या उशीवर उन्हाळ्यात लांब होतो, थंडीत आखडतो, आणि खांबाला फारसं कळतही नाही. फटीत माती-खडी अडकून ती बुजली, तर पुलाला सरकायला जागा उरत नाही. सांधे साफ ठेवणं हे म्हणूनच देखभालीतलं पहिल्या नंबरचं काम, आणि आपल्याकडे नेमकं त्याकडेच दुर्लक्ष होतं.

पोलाद आणि काँक्रीट तापल्यावर जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढतात, हे माणसाचं केवढं भाग्य! तसं नसतं तर सळया घातलेलं काँक्रीट दोन-चार उन्हाळ्यांतच आतून सुटलं असतं, आणि गेल्या शंभर वर्षांतलं अर्धं जग उभंच राहिलं नसतं.

डोंगराला थोडं हलू द्या

इगतपुरी ते कसारा हा सह्याद्रीचा कडा माणसाने दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी ओलांडला. एकदा 1865 मध्ये रेल्वेने, डोंगराच्या अंगाखांद्यावरून. दर 37 मीटरला एक मीटर चढ, म्हणून आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात. ऐहेगावचा पन्नास मीटरहून उंच रेल्वेपूल त्याच मार्गावरचा. आणि अलीकडे समृद्धी महामार्गाने, थेट डोंगराच्या पोटातून. 5 जून 2025 रोजी खुला झालेला हा जुळा बोगदा पावणेआठ किलोमीटर लांब आहे आणि प्रत्येक नळी साडेसतरा मीटरहून रुंद.

आत शिरताना प्रत्येकाच्या मनात येतं, वरचा डोंगर खाली येत कसा नाही? उत्तर असं की तो डोंगर बोगद्याचं अस्तर पेलत नाही, बराचसा डोंगर स्वतःच पेलतो. पुराचं पाणी पुलाच्या खांबाला वळसा घालून जातं, तसा खडकातला ताण भोकाला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. खडकात आपोआप एक न दिसणारी कमान तयार होते. ती तयार व्हायला खडकाला किंचित, काही मिलिमीटर, सैल व्हावं लागतं. खणल्या खणल्या जाड, ताठ अस्तर ठोकून बसवलं तर खडकाला हलायला जागा मिळत नाही आणि सगळा भार त्या अस्तरावर येतो. उलट फार वेळ मोकळं ठेवलं तर खडक सुटून पडतो.

या दोन्हींच्या मधला क्षण पकडायची पद्धत ऑस्ट्रियातल्या अभियंत्यांनी गेल्या शतकाच्या मध्याला बांधली. दोन-चार मीटर सुरुंग लावून पुढे जायचं. लगेच काँक्रीटचा पातळ फवारा मारायचा, खडकात लांब पोलादी बोल्ट रोवायचे. मग भिंतीवर चमकणाऱ्या खुणा लावून रोज मोजायचं: भिंती आत किती सरकल्या? पहिल्या दिवशी तीन मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी दोन, मग एक, मग अर्धा. आलेख असा आडवा पडत गेला की समजायचं, कमान धरली. रोज तेवढाच वाढत राहिला तर काम थांबवून आणखी बोल्ट. सह्याद्रीत हे मोजमाप फार लागतं, कारण इथला खडक लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे. कठीण काळ्या पाषाणाखाली अचानक लाल, मातीसारखा मऊ पट्टा लागतो. कालचा फवारा आणि कालचे बोल्ट आज पुरतीलच असं नाही.

आणि इगतपुरीचा पाऊस! तो डोंगरातून मुरत बोगद्याच्या पाठीशी येणारच. तिथेही मातीच्या धरणाचीच युक्ती. पाणी न जाऊ देणारा पडदा आणि त्याच्यामागे नळ्या, म्हणजे पाणी अस्तरावर दाब न देता खाली गटारात उतरतं.

वाऱ्याचंही हेच. अमेरिकेतला टाकोमा इथला झुलता पूल 1940 मध्ये उघडला आणि चारच महिन्यांनी ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वाऱ्यात पीळ भरून तुटला. त्याच्या कडेला भरीव पोलादी पट्ट्या होत्या, वाऱ्याला आरपार जायला जागा नव्हती. 1950 साली त्याच जागी नवा पूल झाला, त्याच्या कडा जाळीदार होत्या आणि रस्त्याच्या मार्गिकांमधेही वाऱ्यासाठी जाळीच्या फटी ठेवलेल्या होत्या. 828 मीटरच्या बुर्ज खलिफाचा आकार वर जाताना टप्प्याटप्प्याने बदलतो तोही त्यासाठीच. वाऱ्याचे भोवरे सगळ्या उंचीवर एका लयीत सुटले तर इमारत झोके घेऊ लागेल. औद्योगिक वसाहतीत एखाद्या पोलादी चिमणीच्या वरच्या अंगाला मळसूत्रासारखी पट्टी गुंडाळलेली दिसली, तर तिचं कामही तेच.

बांधून झालं की काम संपलं, असं फक्त उद्घाटनाच्या फलकाला वाटतं. प्रत्येक धरणाची वर्षातून दोनदा पाहणी होते, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. त्यात यंत्रं कमी आणि पाय जास्त लागतात. माथ्यावरून चालत लांबीच्या भेगा बघायच्या, उंदीर-घुशींची बिळं बुजवायची. धरणाच्या उतारावर उगवलेली बाभूळ तोडायची. गावकरी रागावतात, झाड का तोडता म्हणून. त्यांना समजावून सांगावं लागतं की झाड उद्या वाळलं, मूळ कुजलं, की मुळाच्या जागी मनगटाएवढी पोकळी राहते, आणि पाण्याला तेवढी पुरते.

मामांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली होती, ती कुठल्याही पुस्तकात मी वाचलेली नाही. मे महिन्यात, सगळं माळरान पिवळं पडलेलं असताना, धरणाच्या मागच्या उतारावरून सावकाश चालायचं. कुठे एखाद्या ताटाएवढ्या जागेत गवत हिरवंगार दिसलं तर तिथे बसायचं, हाताने जमीन चाचपायची, चुन्याने गोल करायचा आणि वहीत तारीख टाकायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं, गोलाच्या बाहेर हिरवं गेलंय का ते बघायला.